तारबाबूंचा चिनी गुरू

पूर्णा स्टेशनचे तारबाबू चहा पिताना आम्हा हमालांना उर्दू अखबार वाचून दाखवायचे आणि मध्येच एखाद्या शब्दावर अडायचे. "ह्याला बंदोबस्त न्हाई, लूट म्हणा. राज्य सुधारायचं तर आधी गोष्टींना खरं नाव द्या, असं चीनमधला एक जुना ज्ञानी सांगून गेलाय." आम्ही हसायचो.

रझाकारांनी शेजारचं गाव पेटवलं, त्या सकाळी पोलिसांचे अमीनसाहेब स्टेशनात आले. "हैदराबादला तार करा, इथं अमन हाय, समदं शांत हाय."

बाबूंनी यंत्रावरचा हात काढून घेतला. "साहेब, गाव जळायलंय. अमन कसं म्हणू?"

शिपायांनी त्यांना आमच्यादेखत नेलं. हाताखालच्या बाबूनं 'अमन'ची तार करून टाकली.

दुपारी तारबाबूंची बायको डबा घेऊन आली. तो बाबू मान वर न करता म्हणाला, "बदली झाली त्यांची."

संध्याकाळची गाडी गेली, तरी ती डबा मांडीवर घेऊन बाकड्यावर बसूनच होती.