उत्तरेच्या भिंतीवर ऊन

सूर्य कुठे असेल हे आता फोन सांगतो. माझी नात छायाचित्रे काढायला निघण्यापूर्वी फोन आकाशाकडे धरते आणि उद्याच्या, परवाच्या, पुढच्या दिवाळीच्या सूर्याची वाट पडद्यावर पिवळ्या रेघेने उमटते. या यंत्राबद्दल माझी तक्रार एकच आहे. त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. माझ्याशी घालत असत.

माझे यंत्र तीन वस्तूंचे होते. पहिली वस्तू म्हणजे सूर्यमार्गाचा तक्ता. दिल्लीच्या आकाशात कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी सूर्य कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर असतो हे दाखवणाऱ्या त्या वक्ररेषा मी एका पाठ्यपुस्तकावरून उतरवून पुठ्ठ्यावर चिकटवल्या होत्या. दुसरी वस्तू होकायंत्र. तिसरी शाळकरी कोनमापक आणि त्याला दोऱ्याने लोंबकळणारे एक लोखंडी नट. तक्त्यावरून दिशा आणि उंची पाहायची, होकायंत्राने दिशा धरायची, कोनमापकाच्या कडेवरून उंची साधायची. नजर जिथे जाईल तिथे त्या वेळी सूर्य येणार. मध्ये भिंत आली, तर त्या वेळी आपण सावलीत. यापलीकडे त्यात शास्त्र नाही. तरीही रविवारी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर मी हे घेऊन उभा राहिलो की शेजारी विचारीत, आज ग्रहण आहे का.

निवृत्ती जवळ आली होती आणि तिच्याबरोबर क्वार्टर सोडण्याची वेळही. देशात उदारीकरण आले होते. आमच्यापर्यंत ते मुख्यतः जाहिरातपत्रकांच्या रूपाने पोहोचले. मोहरीच्या शेतांत उभारलेल्या फलकांवर परदेशी गावांची नावे असत आणि गुळगुळीत कागदावरच्या इमारतींवर चारही बाजूंनी ऊन पडलेले असे. असा सूर्य मी पाहिलेला नाही. ती घरे आमच्या पगारात बसणारी नव्हती. म्हणून आम्ही काही मराठी सरकारी नोकरांनी गृहनिर्माण संस्था काढली आणि फरीदाबादच्या कडेला तळमजला धरून चार मजल्यांची इमारत बांधायला घेतली. लिफ्ट नव्हती.

पत्नीची नव्या घराकडून अपेक्षा एकच होती. हिवाळ्यात तिचे गुडघे आखडत. क्वार्टरमागच्या हिरवळीवर दुपारभर उन्हात बसली, तरच संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी राहू शके.

"फ्लॅट कसाही घ्या," ती म्हणाली, "पण थंडीत ऊन आलं पाहिजे. नाहीतर मला इथंच ठेवा. क्वार्टरच्या पुढच्या अलॉटीला सांभाळायला द्या."

इमारतीचे तोंड उत्तरेला, रस्त्याकडे होते. समोर बाग होणार होती. पाठीमागे, दक्षिणेला, एक रिकामा भूखंड आणि त्यापलीकडे कारखान्याची पत्र्याची शेड. साहजिकच सर्वांनी पुढची बाजू मागितली. मी एकट्याने मागची लिहून दिली.

संस्थेचे सेक्रेटरी मूळचे सांगलीचे, कोणत्याशा मंत्रालयात अधिकारी. घरात पाणी मागितले तरी ते संसदेत उत्तर देत असल्यासारखे वाटे. काही फ्लॅट अजून सभासदांविना होते, म्हणून त्यांनी पत्रक छापायचे ठरवले. मुखपृष्ठावर उन्हाने उजळलेली इमारत, पुढ्यात हसणारी सभासद कुटुंबे. छायाचित्रणाचा नाद मला, तेव्हा छायाचित्र मी काढायचे. मी जागेवर जाऊन तक्ता लावला आणि त्यांना कळवले की दसऱ्यापासून होळीपर्यंत दर्शनी भिंतीवर ऊन पडणार नाही, तेव्हा मे महिन्यात भल्या सकाळी तिरपे ऊन आल्यावर या.

ते हसले. "ज्योतिषीबुवा, संक्रांतीपासून सूर्य उत्तरेकडे वळतो. हे माझ्या आईलासुद्धा माहीत आहे."

वळलेला सूर्य महिनोन्महिने दक्षिणेतच असतो, असे मी सांगितले.

"अहो, आमच्या सांगलीच्या घरात उत्तरेच्या खिडकीतून भर दुपारी ऊन यायचं. मी त्या उन्हात वाढलोय, यार. मला काय पुठ्ठा दाखवता?"

त्यांचे खोटे नव्हते. सांगली बरीच दक्षिणेला आहे. तिथे ऐन उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून पुढे उत्तरेला जातो. दिल्लीत तो भर दुपारी डोक्यापर्यंतही पुरता पोहोचत नाही. मी हे समजावून दिले. त्यांनी तो सांगलीचा अपमान मानला. सभेतले बहुतेक लोक कृष्णा-गोदावरीच्या काठचे होते. प्रत्येकाला आपापल्या घरची उत्तरेची खिडकी आठवली. संक्रांतीच्या दुपारी, ऊन आल्यावर, इमारतीसमोर छायाचित्र घ्यावे, असा ठराव बहुमताने संमत झाला. विरोधी मत एक. सूर्य सभासद नव्हता.

संक्रांतीला भाड्याची बस करून आम्ही सगळे गेलो. बायका काळ्या साड्यांवर स्वेटर घालून, पुरुष सुटात. धुके इतके दाट होते की इमारत आहे हे श्रद्धेने मानावे लागले. पत्नीने माझ्याकडे पाहिले.

"तुमच्या तक्त्यात धुकं कुठं दाखवतात?"

दाखवत नाहीत, असे मी कबूल केले.

दुपारी धुके विरळ झाले आणि सूर्य निघाला, इमारतीच्या मागे. इमारतीची सावली आमच्यावरून जाऊन रस्त्यापलीकडे पसरली. सेक्रेटरींनी थांबण्याची सूचना केली. आम्ही थांबलो. तिळगूळ वाटला गेला, पण गोड बोलण्यासाठी आधी बोलता यावे लागते, आणि दात वाजत होते. मग एक तान्ह्या बाळाची आई इमारतीला वळसा घालून मागे गेली आणि परतली नाही. तिला शोधायला तिचा नवरा गेला. कोणाला पाण्याची टाकी पाहायची होती, कोणाला पायाचे काम. थोड्याच वेळात पुढच्या बाजूला सेक्रेटरी, मी आणि कॅमेऱ्याची तिपाई उरलो. मी तिपाई उचलली.

मागे लख्ख ऊन होते. गिलावा न केलेली भिंत, सांडपाण्याचे पाइप, आणि त्यांच्या पुढ्यात साऱ्या संस्थेचे चेहरे सैल झालेले. पत्नी विटांच्या ढिगावर पाय पसरून बसली होती. तिने मोजे काढून ठेवले होते. छायाचित्र मी तिथेच घेतले. बहुतेकांचे डोळे मिटलेले आहेत. पत्रकावर तेच छापले गेले. त्या काळातले पाइप दाखवणारे पत्रक माझ्या पाहण्यात तेवढे एकच.

परतीच्या बसमध्ये संस्थेचे मन पालटले. जो तो मागची बाजू मागू लागला. सेक्रेटरींनी उभे राहून जाहीर केले की पूर्वीचे सर्व पसंतीअर्ज रद्द, रविवारी नव्याने सभा, एका जागेला अनेक इच्छुक असल्यास चिठ्ठ्या. पत्नी खिडकीबाहेर पाहत राहिली. घरी आल्यावर तिने स्वेटर काढला नाही.

"गेलं का आपलं ऊन?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तक्ता घेऊन फरीदाबादला गेलो. मागच्या रिकाम्या भूखंडावर एक फलक होता, गंजलेला. तिथेही आमच्याएवढीच उंच इमारत मंजूर होती. मी आमच्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर उभा राहून डिसेंबरचा सूर्य साधला. समोर तेवढी भिंत उभी राहिली तर खालचे मजले हिवाळाभर सावलीत जात होते. मोकळे ऊन फक्त सर्वांत वरच्या मजल्याला. आणि वरचा मजला कोणालाच नको होता, कारण जिने, कमी दाबाचे पाणी आणि जूनमध्ये तापणारी गच्ची. मागेल त्याला तो चिठ्ठीशिवाय मिळणार होता.

मी पत्नीला सगळे सांगितले. ऊन वर आहे, गुडघे खाली.

"किती जिने?" तिने विचारले. मी सांगितले.

"आणि ऊन कुठपर्यंत?"

"जेवणापासून चहापर्यंत. धुकं नसेल तर."

तिने थोडा विचार केला. "मग वर. एकदा चढेन आणि बसेन. उतरायचं तुम्ही."

रविवारी मी तक्ता सभेत भिंतीवर टांगला आणि मागच्या भूखंडाविषयी सांगितले. एकदा तोंडघशी पडलेले लोक सावध होतात हा समज चुकीचा आहे. तो भूखंड कित्येक वर्षे ओसाड होता आणि तिथे कोणाची तरी म्हैस बांधलेली असे.

"बिल्कुल पटलं, बुवा," सेक्रेटरी म्हणाले. "फक्त त्या म्हशीला चौथ्या मजल्यावर कोण चढवणार तेवढं सांगा."

सभागृह मनमोकळे हसले. मी वरचा मजला मागितला. तो मिळाला, आणि वर सहानुभूतीही. वहिनींच्या गुडघ्यांचा विचार न करणारा माणूस म्हणून माझी बायकांत चर्चा झाली. चिठ्ठीत सेक्रेटरींना मागचा तळमजला लागला. त्यांनी पेढे वाटले.

आम्ही राहायला गेलो तेव्हा पत्नी प्रत्येक जिन्यावर थांबत चढली. पहिल्या थांब्यावर तिने सरकारला नावे ठेवली, दुसऱ्यावर संस्थेला, तिसऱ्यावर मला. मग बाल्कनीत खुर्ची टाकून दक्षिणेकडे तोंड करून बसली आणि पाय लांब केले.

पुढच्या उन्हाळ्यात म्हैस गेली आणि पाया खणला गेला. थंडी सुरू झाली तोवर समोरची भिंत आमच्या कठड्याएवढी झाली होती. खालचे तिन्ही मजले सावलीत गेले. तळमजल्यावर दुपारी दिवा लागू लागला.

डिसेंबरात एके दुपारी दार वाजले. सेक्रेटरी उभे होते. त्यांना धाप लागली होती, डोक्याला मफलर आणि काखेत घडीची खुर्ची. मला पाहून ते क्षणभर घुटमळले आणि माझ्या खांद्यावरून आत बोलले.

"वहिनी, जरा ऊन खायला आलो होतो."

पत्नी बाल्कनीत मटार सोलत होती. मांडीवर पितळी परात, पायाशी पिशवी भरून शेंगा. तिने मागे वळून पाहिले नाही.

"या, भावोजी. सोलायला घ्या."

ते बसले. त्यांना मटार सोलता येत नव्हते. दाणे बाल्कनीभर उड्या मारत होते आणि जे परातीत पडत त्यांतले बरेचसे ते खात होते. तिने त्यांना एकदा टोकले, दुसऱ्यांदा सोडून दिले. मग त्यांनी मला विचारले, आता ऊन किती वेळ राहील. मी तक्ता आणायला उठलो, तर पत्नी म्हणाली, "बसा हो. कळेलच."

मटार संपले तेव्हा ऊन अजून होते.