हलक्या चाकांच्या तीन फेऱ्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिच्यापाशी सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं — नाही जात. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा तर उठून घासलेलीच कढई पुन्हा घासली.

गोष्ट सायकलच्या चाकांची आहे. हसू आलं ना? मलाही कितीतरी वर्षं तोच आधार होता — चाकांची तर गोष्ट, त्यात एवढं काय! चोरी नाही, मारामारी नाही, कुणाचा संसार मोडला नाही. मग एखादी सायकल सरसर करत जवळून गेली की मी अजून तोंड का फिरवते?

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. आमचं घर रत्नागिरीच्या खाडीपलीकडे. भाट्याचा पूल ओलांडून चढ चढलात की वर गोळपच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर. घरात तिघंच — अण्णा, दादा आणि मी. आई मी दहावीत असताना गेली. अण्णांना दमा, आणि तो असा की चुलीवरचं भांडं उतरवायलाही त्यांना दोनदा थांबायला लागायचं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला. मी कॉलेजात, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, फिजिक्स घेऊन.

दादा रोज सायकलने खाली उतरायचा आणि संध्याकाळी तोच चढ चढून यायचा. पोरं खाली उतरून सायकल ढकलायची, हा सीटवरून उठायचासुद्धा नाही. त्या चढानेच त्याला शर्यतींत नेलं. दोन छोट्या शर्यती त्याने जिंकल्या होत्या, आणि जानेवारीत जिल्ह्याची शर्यत होती. मुंबईच्या एका मोठ्या कारखान्याची माणसं ती बघायला येणार होती. पहिले दोघे त्यांच्या संघात, आणि संघात म्हणजे कारखान्यात नोकरीला, कायमचे.

आता आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही ते सांगते. आमच्या घरातून एकालाच बाहेर पडता येणार होतं. अण्णांजवळ कुणीतरी राहायला हवं होतं. दादा मुंबईला गेला की मी घरी. दादा राहिला तर मला पुण्याला एमएस्सीला जाता येणार होतं. हे दादाला ठाऊक होतं का? ठाऊक असणारच. पण तो असा भाबडा, की दोघांचंही कसंतरी जमेल असं त्याला मनापासून वाटायचं. मला नाही वाटायचं. मी हिशेबी होते, अजूनही आहे.

आणि मग ती चाकं आली.

सलीम हा दादाचा जिवाभावाचा दोस्त, राजिवड्याचा. त्याचा थोरला भाऊ जहाजावर होता. त्याने परदेशातून सलीमसाठी चाकांची जोडी आणली होती — ॲल्युमिनियमच्या रिंगा, बोटभर रुंदीचे टायर. त्यातच सलीमला कुवेतला जायचं ठरलं. जायच्या आधी त्याने ती चाकं आणून आमच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवली.

"लावून बघ रे. जमली तर तुझीच समज. मना आता काय त्यांचा उपयोग?"

त्या दिवसापासून दादाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. जेवता जेवता उठायचा, एका हातात लोखंडी चाक धरायचा, दुसऱ्या हातात हलकं, आणि दोन्ही वर-खाली करत उभा राहायचा. एका दिवशी लावायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा. चाकं हलकी, हे खरं. पण आमचे रस्ते! खडी उखडलेली, खड्डे, कडेला जांभ्याचे सुरीसारखे कोपरे. एक स्पोक तुटला तर त्या मापाचा स्पोक अख्ख्या रत्नागिरीत मिळायचा नाही. सायकलचा मिस्त्री म्हणाला, आऊट काढून देतो, चाक सरळ फिरेल, पण किती दिवस फिरेल ते विचारू नकोस. शर्यतीत मध्येच चाक बसलं तर सगळंच गेलं. लोखंडी चाकं निदान दगा देणार नाहीत. लावावी की नको? अण्णांना विचारून झालं, मिस्त्रीला चारदा विचारून झालं, समोरच्या काकूंनाही विचारलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, जी चकचकीत दिसतात ती लाव.

मला वैताग आला. त्याच्या या येरझाऱ्यांनी माझं अभ्यासात लक्ष लागेना. मीच म्हटलं — हो, मीच — की वाटण्यावर कशाला जायचं, मोजून बघू. धोका पत्करायचा तर फायदा किती ते आधी कळू दे. आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापासून निघायचं, उतार उतरून पुलाच्या तोंडाशी वळायचं आणि परत वर गडग्यापर्यंत. तीन दिवस सकाळी जुन्या चाकांवर, तीन दिवस सकाळी नव्या चाकांवर. अण्णांच्या घड्याळाला सेकंदकाटा होता, ते मी धरायचं. दादा एवढा खूश झाला, की कारखान्यात सगळ्यांना सांगून आला, आमची बाय सायन्सला हाय, ती आता प्रयोग करणार.

प्रयोग म्हणजे प्रयोग. मी माझ्या प्रॅक्टिकलच्या जुन्या वहीत रेघा मारून तक्ता आखला.

जुन्या चाकांचे तीन दिवस सरळ गेले. चौदा मिनिटं बेचाळीस सेकंद, चौदा छत्तीस, चौदा चाळीस. हे आकडे खरे आहेत. चौथ्या दिवशी सकाळी दादा नव्या चाकांवर निघाला. मी गडग्यावर बसले होते, गवत पिवळं पडायला लागलं होतं, मागे घरात अण्णा खोकत होते. घड्याळात अजून वेळ होता म्हणून मी वहीत काहीतरी खरडत होते. तेवढ्यात वळणावरून चेनची खरखर ऐकू आली. इतक्यात? मी घड्याळ पाहिलं. दादा आला, गडग्याला हात लावला, आणि सायकलवर वाकूनच विचारलं,

"काय गो, किती?"

मी म्हटलं, चौदा पस्तीस.

ते चौदा पस्तीस नव्हते.

बघा, किती लहान वाक्य आहे. मी आधी काही ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. मागे अण्णांचा खोकला थांबत नव्हता आणि मला त्या क्षणी एवढंच दिसलं, की या घरात आता मी आणि हा खोकला उरणार. पण हे फार तर पहिल्या दिवसाचं झालं. पुढच्या दोन दिवसांचं काय? पाचव्या दिवशी मी गडग्यावर बसून, तो खाली असतानाच, काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. चौदा अडतीस. सहाव्या दिवशी चौदा एकतीस, कारण तिन्ही आकडे सारखे आले असते तर बनावट दिसले असते. एवढी अक्कल मी चालवली. सुवाच्य अक्षरात तक्ता भरला, सरासरी काढली आणि खाली लिहिलं, फरक नगण्य.

आणि एवढंही नाही. खरं सांगायचं ते याच्याही पुढे आहे.

सहाव्या दिवशी दादा घरासमोरच्या खळ्यात बसून वही कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला,

"पण हलकं वाटतंय गो. पाय आपसूक फिरतायत. मी लवकर येतोय, असं वाटतंय मला."

तेव्हा थांबता आलं असतं. मोजताना चुकले म्हटलं असतं तर त्याने हसून सोडून दिलं असतं. मी काय म्हटलं? मी मास्तरणीसारखी मान वर करून म्हटलं, वाटतं रे दादा. नवीन वस्तू आली की असंच वाटतं. वाटण्याला काही अर्थ नसतो, घड्याळ काय सांगतं ते बघ.

तो जरा गोरामोरा झाला. मग मान हलवली. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या पायांवरचा काढून घेतला. खोट्या आकड्यांपेक्षा मला हेच जास्त बोचतं. आकड्यांनी त्याची चाकं गेली. या वाक्याने काय गेलं, ते मला अजून पुरतं मोजता आलेलं नाही.

चाकं परत द्यायला सलीमला घरी बोलावलं. दादाने त्याला वही दाखवली. सलीम त्या चाकांवर स्वतः बसलेला माणूस. त्याने तक्ता वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "कमाल हाय," एवढंच म्हणाला आणि चाकं खांद्याला अडकवून उतरून गेला. महिन्याभरात तो कुवेतला गेला. मी सुटले असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाज वाटली, पण सुटले असं वाटलं हे खरं.

जानेवारीत दादा लोखंडी चाकांवर तिसरा आला. दुसऱ्याच्या मागे अकरा सेकंद. मी तिथे टाळ्या वाजवत उभी होते, आणि माझ्या डोक्याने तेवढ्यात वजाबाकी करून टाकली. अकरा सेकंद! आमच्या एका फेरीत त्या चाकांनी त्याला त्या अकराच्या पाचपटीहून जास्त दिले होते.

जूनमध्ये मी पुण्याला गेले. स्टँडवर माझी ट्रंक दादानेच एसटीच्या टपावर चढवली. म्हणाला, "जा गो बिनधास्त. अण्णांचं मी बघतो, मी हाय ना." त्याने नऊ वर्षं अण्णांचं केलं. पेज करून भरवली, छातीला तेल चोळलं, लग्न उशिरा केलं. मी एमएस्सी झाले, कॉलेजात शिकवायला लागले, आणि तीसेक वर्षं दर जूनला नव्या मुलांना सांगत आले, की वहीत जे दिसलं तेच लिहायचं, जे यायला हवं ते नाही. मुलांना माझी भीती वाटायची. खोटं रीडिंग मला लगेच ओळखू येतं, असं माझं नाव होतं.

बर्फाचा कारखाना सुटल्यावर दादाने मांडवीला सायकलचं छोटं दुकान टाकलं. आता गुडघ्यांमुळे स्वतः चालवत नाही, पण दुकानात बसतो. गेल्या मे महिन्यात मी माहेरी गेले होते तेव्हा तिथे बसले होते. पुण्याहून सायकलवर आलेला एक तरुण हवा भरायला थांबला. बोलता बोलता म्हणाला, या चाकांवर समाधान नाही, आणखी हलकी घ्यायचा विचार आहे, पण ठरत नाही. दादाचे डोळे चमकले. त्याने गल्ल्याखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. माझी प्रॅक्टिकलची वही. ती त्याने जपून ठेवली होती! मला ठाऊकच नव्हतं.

"चाकांत काय नसतं," दादा म्हणाला. "आपल्याला उगाच वाटतं. ही माझी बहीण, तेव्हा सायन्सला होती. बघ, सहा दिवस उन्हात बसून मोजलंय तिने." मग माझ्याकडे वळून, "सांग गो त्याला."

चाळीस वर्षं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगत आला होता. अभिमानाने. चाकांच्या अभिमानाने नाही — माझ्या.

तो मुलगा माझ्याकडे बघत होता. मोजलेलं सांगायला मला किती वेळ लागला असता? तीन आकडे, बस. मी म्हटलं, हो. काही फरक पडला नव्हता.

म्हणजे हा खोटेपणा चाळीस वर्षांपूर्वीचा नाही. तो मागच्या मे महिन्यातला आहे. तेव्हा मागे अण्णा खोकत नव्हते, मला कुठे जायचं नव्हतं, कुणी अडवत नव्हतं.

वहीत नसलेले आकडे मला पाठ आहेत. पहिली फेरी, तेरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. दुसरी, तेरा एक्केचाळीस. तिसरी, तेरा एकोणतीस.

दादा लवकर येत होता. त्याला वाटत होतं ते बरोबर होतं.