चेअरमनचा मुलगा आणि आमचे साडू

आमच्या साडूंनी आजवर एकही सिनेमा नुसता पाहिलेला नाही. ते तो सांगतात. पडदा समोर असो, शेजारच्याला धडधडीत दिसत असो, यांचं सांगणं चालूच. कल्याण-डोंबिवलीतल्या एकूण एक थिएटरांत त्यांना कधी ना कधी मागून "काका, प्लीज" ऐकावं लागलंय, आणि दर वेळी त्यांनी मान वळवून "नाही, तुम्हाला कळलं नसेल म्हणून" असं समजुतीनं सांगितलंय. मी ठाण्याच्या कोर्टात लघुलेखक. समोरचा बोलेल तेवढंच लिहायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही, यात माझा जन्म गेला. अशा माणसाला असा साडू मिळावा, यामागे काय योजना असेल ते वरच्यालाच ठाऊक.

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं सासूबाईंची दृष्टी पार गेली. त्यांना दोन मुलीच. थोरला जावई मी, म्हणजे पहिला मान माझा. पण कोपरीतल्या आमच्या दोन खोल्या मी येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा दाखवल्या की त्या आपोआप लहान होत गेल्या. सासूबाईही अडून बसलेल्या. "माझी आई लेकीकडे पाणी प्यायची नाही, आणि मी जावयाच्या दारात कायमची जाऊन राहू?" साडू गेले, समोर बसले आणि म्हणाले, "आई, तुम्हाला सांभाळायला नेतच नाहीये मी. सिनेमा लावला की तुमची लेक दहा मिनिटांत घोरायला लागते. मला ऐकणारं माणूस हवंय." त्या हसल्या आणि पिशवी भरायला लागल्या. इथवर मी साडूंचा उपकारबद्ध आहे. पुढचं मात्र सहन होत नाही.

कारण ते सांगतात ते खरं नसतं. सासूबाईंना मारामारी सोसत नाही आणि साडूंना दुसरं काही पाहवत नाही. त्यामुळे पडद्यावर माणसाचे तुकडे होत असले की हे शांतपणे म्हणणार, "आता चहा पितायत." बाँब फुटला की "काही नाही, फटाके. लग्न आहे." एकदा सासूबाईंनी विचारलं, "त्या देशात माणसं चहा पिताना एवढी ओरडतात का हो?" तर म्हणाले, "गरम असतो, आई." मी तिथेच बसलेलो. माझी बोटं नुसती शिवशिवत होती.

मागच्या वर्षी त्यांनी एक परदेशी सिनेमा लावला, रोज थोडा थोडा. हुकूमशहा, त्याचा माथेफिरू मुलगा आणि हुबेहूब त्या मुलासारखा दिसणारा एक गरीब मास्तर. मास्तरला घरातून उचलून आणतात आणि मुलाचा तोतया करतात. गोळी लागलीच तर याला लागावी म्हणून. वर त्याच्या आईला निरोप धाडतात की तुमचा मुलगा मेला. मूळ नावं तोंडात बसेनात, म्हणून साडूंनी हुकूमशहाला 'चेअरमन' केलं आणि त्या माथेफिरूला 'चेअरमनचा मुलगा'. आता यांच्या सोसायटीला खराखुरा चेअरमन आहे आणि त्याला मुलगा आहे. वय पस्तीस, बँकेत नोकरी, झुरळाला वाट करून देणारा. तो दुसऱ्याच दिवशी सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला आला. "आजी, मी चेअरमनचा मुलगा," एवढंच म्हणाला बिचारा. सासूबाईंनी हात मागे घेतला. "तुझ्या हातचं नको मला. आधी त्या मास्तरला घरी सोड. त्याची आई रडतेय तिकडे!" तो प्रसादाची वाटी घेऊन तसाच जिना उतरला. साडू त्याच्या मागे धावायचं सोडून मला फोनवर सांगत होते, "बघा, साडूभाऊ, किती लक्ष देऊन ऐकतात! तुमच्या कोर्टात ऐकतं का कुणी असं?"

त्या सिनेमात दोन्ही कामं एकाच नटाची. पुढे मास्तरचे दातही त्या मुलासारखे बसवले, तेव्हा साडूंचाच घोटाळा व्हायला लागला. पण सासूबाई चुकायच्या नाहीत. "हा तो नव्हे, धाकटे. चेअरमनचा मुलगा वाक्याच्या मध्येच श्वास घेतो. मास्तर बोलणं संपवून मग घेतो." भाषेचं अक्षर कळत नसताना! साडू हात जोडून म्हणाले, "आई, यापुढे तुम्हीच सांगा." अर्थात पुढच्याच मिनिटाला स्वतः सुरू झाले.

मग तो मास्तर पळून जाण्यासाठी गच्चीवरून उडी मारतो, आणि साडूंनी ती दिवाणावरून मारून दाखवली. घोट्याचं हाड मोडलं आणि सिनेमा तिथेच राहिला. भेटायला गेलो तेव्हा मी चिडून विचारलं, "अहो, ज्यांना दिसतच नाही त्यांना उडी कशाला करून दाखवायची?"

"धप्प असा आवाज नको का यायला?" पाय उशीवर ठेवून ते म्हणाले.

प्लॅस्टर दीड महिन्याचं, तेव्हा सासूबाई आमच्याकडे कोपरीला आल्या. हिनं खिडकीजवळचा पलंग आईला दिला, मला स्वयंपाकघरात हलवलं आणि बजावलं, "आता आईला परत पाठवायचं नाही." मलाही तेच हवं होतं. 'थोरल्याकडे का नाही?' या प्रश्नाला दोन वर्षं मी लग्नकार्यांमध्ये चुकवत फिरत होतो. सासूबाईंनी मात्र तिसऱ्या दुपारी विचारलं, "तो मास्तर आईकडे पोचला का हो?"

मी सिनेमा लावला आणि माझ्या परीनं सांगायला लागलो. "पहिला इसम खोलीत येतो. दुसऱ्या इसमास ठार करतो. रक्त बरंच आहे." पाच मिनिटांत ही आतून ओरडली, "अहो, पंचनामा करताय का?" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "छान सांगता हो." पाहुण्यानं बिघडलेल्या भाजीला छान म्हणावं तसं. "पण जरा धाकट्यांना फोन लावता का?"

तोड निघाली ती अशी: साडूंनी तिकडे आणि आम्ही इकडे एकदमच सिनेमा लावायचा, मध्ये फोन ठेवायचा. त्यांचा सिनेमा अर्धं मिनिट पुढे पळत होता. आधी फोनवर "चहा" यायचा आणि मग आमच्याकडे गोळी सुटायची. तिघेही शेवटापर्यंत येऊन पोचलो. मास्तर आपल्या गल्लीत शिरला. दारात त्याची आई बसलेली. आणि फोनवर साडू एकाएकी गप्प झाले. गेल्या वीस वर्षांत मी ते ऐकलेलं नव्हतं. मग घसा खाकरून म्हणाले, "आई... ओळखलं हो तिनं. जवळ घेतलं."

आमच्याकडे ती बाई अजून मान वर करत होती. तिनं तो चेहरा पाहिला, तो माथेफिरूच आलाय असं समजून भीतीनं पांढरी पडली, आत पळाली. दार धाडकन आपटलं. कडी लागल्याचाही आवाज आला. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीच नोंदवलं नाही.

सासूबाईंनी फोन चाचपून जवळ ओढला. मग फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "हो का? बरं झालं, धाकटे." आणि माझ्याकडे वळून हळूच, "एक शब्द बोलायला हवा होता हो मास्तरनं. आवाज ऐकला असता ना, तर उघडलं असतं तिनं."

"तुम्हाला सगळं कळतं?" मीही हळूच विचारलं.

"डोळे गेलेत माझे, कान नाही. पण धाकटे एवढा जीव ओतून खोटं बोलतात, त्यांना कसं अडवायचं?" मग त्यांनी फोनमध्ये विचारलं, "प्लॅस्टर कधी निघतंय?"

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. हीसुद्धा ऐकत होती. प्लॅस्टर निघालं त्या रविवारी पिशवी हिनंच भरली. साड्यांच्या घड्या दोन-दोनदा मोडून घातल्या, पण राहा म्हणाली नाही.

मी गाडी करून त्यांना डोंबिवलीला सोडायला निघालो. शीळफाट्याला नेहमीसारखे वाहतुकीत अडकलो.

"काय दिसतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"टँकर," मी म्हणालो. "त्याच्यापुढे आणखी एक टँकर."

त्यांनी मान हलवली, पदर सारखा केला आणि चेहरा माझ्याकडे वळवला.

"आणि?" त्या म्हणाल्या.