जो लेख खरा निघाला

शेवटच्या वर्षाला समाजशास्त्राच्या निबंधासाठी मी विषय घेतला तो आमच्याच घरातला. मुळशीत शेळ्यामेंढ्या राखणारी घरं चराई का सोडतायत? कोळवणच्या बाजूला शहरातल्या लोकांनी फार्महाऊसं बांधली, तारेची कुंपणं घातली आणि माझ्या वडलांची ओढ्याकडे उतरायची वाट बंद झाली. ते शेळ्या डांबरी रस्त्याच्या कडेनं फिरवत होते.

शिकवणाऱ्या मॅडमची अट होती, पाच तरी लेख पीअर-रिव्ह्यूड हवेत. म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकारांनी वाचून, चुका काढून, मग मान्य केलेले. मला तोवर लेख म्हणजे लेख, एवढंच ठाऊक.

पहिला लेख मोबाईलवरच सापडला. अडलेल्या वाटा, बंद झालेले पाणवठे, सगळं आमच्यासारखं. मी तो वडलांना मराठीत सांगत वाचून दाखवला.

"मंजी आपलं कुनीतरी लिवलंय म्हन की," ते म्हणाले. दोनदा म्हणाले.

मॅडमनी तो ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर उघडला. "हे बघ, सोमवारी आला, बुधवारी स्वीकारला. दोन दिवसांत कोण तपासणार? आणि खालचे संदर्भ शोधून दाखव मला."

मी शोधले. त्यातले तीन लेख कुठंच नव्हते. लिहिणारा कधी डोंगरात आला तरी होता का, कोण जाणे.

मग मॅडमनी शोधायचं कसं ते शिकवलं. लेख शोधायच्या साईटवर पीअर-रिव्ह्यूडच्या चौकटीत खूण करायची, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही, कारण तसल्या नियतकालिकात संपादकीयं नि पुस्तक-परीक्षणंही असतात. माहिती कशी गोळा केली ते लिहिलंय का बघायचं. लेख आला कधी, सुधारला कधी, स्वीकारला कधी, तेही बघायचं. तीन आठवडे मी एसटीनं जाऊन येऊन तेच केलं. चार लेख मिळाले. पाचवा नेमका सह्याद्रीतल्या चराईवरचा होता, आणि सगळ्या कसोट्यांना उतरला. स्वीकारायला आठ महिने लागलेले. त्यात एक वाक्य होतं : इथली कुटुंबं चांगल्या रोजगारासाठी स्वखुशीनं चराई सोडत आहेत.

तेही मी घरी वाचलं.

"कुनी तपासलं ह्ये?" वडलांनी विचारलं.

"त्याच विषयातल्या दोघांनी."

"हितं आलते?"

"नाही. ते लिहिलेलं तपासतात."

"मग लिवलेलं बराबर आसंल," म्हणाले, आणि शेळ्या सोडायला उठले.

मी मॅडमना सांगितलं की लेख चुकलाय. त्यांनी ते उडवून लावलं नाही. "मांड ना मतभेद. पण एकट्या वडलांच्या सांगण्यावर नाही चालणार. आणखी घरांत जा."

मी गेले. दोन घरांना कुलूप होतं. एकीनं दारातूनच परत पाठवलं. वडलांबरोबर वर्षानुवर्षं रानात हिंडलेले एक काका आता एका फार्महाऊसवर राखणदार होते. त्यांनी कुंपणाच्या आतूनच माझा प्रश्न ऐकला. एकदा बंगल्याकडे पाहिलं.

"व्हय, खुशीनं सोडल्या. तसंच लिव."

"काका, तुमचीपण वाट अडवली होती ना?"

"तू लिवनार, मालक वाचनार. मला हितं ऱ्हायचंय, पोरी. खुशीनंच लिव."

मी तसंच वहीत उतरवलं. त्या संशोधकालाही कुणीतरी असंच सांगितलं असणार. त्यानं ते इमानानं लिहिलं असेल, तपासणाऱ्यांनी इमानानं तपासलं असेल. माझ्याकडे आता खुशीच्या बाजूनं एक लेख नि एक मुलाखत होती, आणि दुसऱ्या बाजूला माझे वडील.

निबंध वेळेत दिला. वडलांचं म्हणणं एका परिच्छेदात घातलं होतं. परत आला तेव्हा त्या परिच्छेदाशेजारी मॅडमनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पुरावा अपुरा'. भांडावं असं त्यात काही नव्हतं. बाकी निबंध त्यांना आवडला होता, संदर्भांचं तर कौतुक केलं होतं.

वडलांनी विचारलं, "माजं घातलंस का त्यात?"

"घातलं," मी म्हणाले. आणि निबंध पिशवीत ठेवून दिला.