टाकीचं लंघन

आमच्या टाकीला मी अजीर्ण करून ठेवलं ही गोष्ट गावात आता कुणीही सांगतं, आणि तिखटमीठ लावून सांगतं. तेव्हा खरी हकिगत मीच लिहून ठेवलेली बरी.

घड उतरला की केळीचं झाड संपलं. मागे उरतं ते पाण्यानं भरलेलं, माणसाहून उंच खोड. आमच्या तापीकाठी ही खोडं बांधावर, रस्त्याच्या कडेला नुसती सडत पडायची. मी बऱ्हाणपुरात शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि डोक्यात एकच गोष्ट भरली. ही खोडं कुटून शेणाच्या काल्यात बंद टाकीत कुजवायची, निघालेला गॅस धुऊन शुद्ध करायचा, दाबून सिलिंडरात भरायचा आणि त्यावर गाडी पळवायची.

गाडी होतीच. थोरल्या भावाचा, दादाचा, केळी वाहणारा सीएनजीचा टेम्पो. जागाही त्याचीच, विहिरीजवळचा अर्धा एकर. त्यानं बोटभर बांधसुद्धा कधी कुणाला सोडला नव्हता. मला म्हणाला, "घे. पण दसऱ्याला टेम्पो तुझ्या गॅसवर चालला नाही, तर टाकी उपटून तिथं कांदेबाग लावीन. मग तू बसजो घरी पेपर वाचत." कांदेबाग म्हणजे दसऱ्याच्या सुमारास होणारी केळीची लागवड. त्यानं बेणंसुद्धा सांगून ठेवलं होतं.

टाकी उभी राहिली. सगळ्या सामानाला जोड बसले, गॅस धुणारा उंच नळ लागला, कॉम्प्रेसर लागला. रोज ठरलेलं माप घालायचं: खोडाचा भुगा, शेण, पाणी. गॅस येत होता, पण बेताचा. मला धीर कुठला?

गणपती बुडाले आणि बऱ्हाणपुरातल्या इतवारा भागातल्या एका मंडळाकडून निरोप आला, "मास्तर, भंडाऱ्याचं उरलंय, तुमच्या टाकीला चालतं का?" जाऊन पाहतो तर पिपंच्या पिपं. पुऱ्या, मावा जिलेबी, आणि दराबा, म्हणजे आमच्याकडचा तो रवा-तूप-साखरेचा मऊसूत ऐवज. मी सगळं टेम्पोत घालून आणलं.

आता आपल्याकडे पाहुणा "पुरे" म्हणाला की खरं वाढणं सुरू होतं. मी टाकीच्या तोंडाशी उभा राहून पिपं रिती करत होतो आणि, खोटं कशाला सांगू, तोंडानं म्हणतही होतो, "घ्या हो, एक जिलेबी माझ्यासाठी!" माप गेलं चुलीत.

दोन दिवसांत वरचा रबरी फुगा टम्म झाला. मी गावाला बोलावणं धाडलं. पंधरा-वीस माणसं जमली, दादा सगळ्यांत पुढे. मी टाकीला जोडलेल्या शेगडीची तोटी उघडली, काडी ओढली. काडी विझली. दुसरी विझली. मी वाऱ्याला दोष दिला, मग काड्यांना, मग तोटीला. पेटी संपली.

"मास्तर," दादा म्हणाला, "सायकलचा पंप लावून हवा भरली का तू?"

माणसं हसत हसत गेली. मी तिथंच उकिडवा बसलो. एवढ्यात वहिनी आल्या. दादाच्या बायकोनं शाळा चौथीनंतर पाहिली नाही. त्यांनी पदर नाकाला लावला, वाकून वास घेतला.

"भाऊजी, आंबलंय हे. काय खाऊ घातलं त्याले?"

मी यादी सांगितली.

"गोडावर गोड, त्यावर तूप? अजीर्ण झालं बिचाऱ्याले! लंघन करा."

मी खिशातली कागदाची पट्टी काल्यात बुडवली. ती लाल झाली. आम्ल! वर्षानुवर्षं फळ्यावर आम्ल आणि आम्लारी लिहिणाऱ्या माणसाला हे एका वासानं शिकवलं. गॅसमधला जळणारा भाग तयार करणारे जिवाणू आंबटात गारठले होते. फुग्यात होती ती नुसती न पेटणारी हवा.

मग वहिनींनी कारभार हातात घेतला. टाकीला खाणं बंद. चुन्याची निवळी थोडी थोडी. आणि त्यांचा शेवटचा हुकूम: "विरजण बिघडलं का चांगल्या घरचं आणतात. कुणाची टाकी चांगली चालते?" खकनार गावात एकाकडे जुना गोबरगॅस होता. तिथून मी ड्रम भरभरून पातळ शेणकाला आणला. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर त्यातला थोडा माझ्या पाठीवर यायचा. पितृपक्षात सगळं गाव खीर-वडे जेवत होतं आणि आमची टाकी उपाशी. घरच्या पानावर बसलो की वहिनी विचारायच्या, "आज आग्रह करू का, भाऊजी?"

आठवड्यानं पट्टीचा रंग वळला. वहिनी म्हणाल्या, "आता मुगाचं पाणी द्या." म्हणजे दोन पाट्या शेण, बस. मग मूठ मूठ खोडाचा भुगा. नवरात्राच्या पाचव्या माळेला मी एकटाच जाऊन शेगडी पेटवली. निळी ज्योत. स्थिर. मी तिच्यासमोर हात जोडले आणि मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना.

दसऱ्याला सकाळी टेम्पोला झेंडूचं तोरण बांधलं. सिलिंडर भरला. दादानं किल्ली फिरवली. टेम्पो पहिल्याच दमात सुरू झाला. मला शेजारी बसवून, केळीचे घड भरून, दादा बऱ्हाणपुरातल्या शनवारा भागापर्यंत गेला, वाटेत एकदाही गॅसच्या काट्याकडे न बघता.

घड उतरवताना व्यापाऱ्यानं विचारलं, "भाऊ, गॅस कुठं भरला? पंपावर तर लाइन आहे."

"विहिरीजवळ," दादा म्हणाला. "आमच्या घरचाच आहे. मास्तरनं काढला." मग जरा थांबून, "केळीच्या खोडातून."

व्यापारी हसला, त्याला थट्टा वाटली. दादा मात्र हसला नाही. त्यानं खिशातून फोन काढला आणि बेण्यावाल्याला म्हणाला, "माझी ऑर्डर दुसऱ्याले दे. विहिरीजवळचा अर्धा एकर रिकामा नाही आपला."