रिव्हॉल्व्हरचं कुंकू

खांडेनवमीच्या सकाळी बाबांनी माझ्या भावजयीला हाक मारली आणि रिव्हॉल्व्हर तिच्या हातात दिलं. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. पोटात असं दुखलं, की ओवा खाऊनही ते थांबलं नसतं.

आजोबांच्या वेळचं ते परवान्याचं रिव्हॉल्व्हर. आमचं शेत महागावच्या बाजूला, जंगलाला लागून. रानडुकरांच्या नावाने ते घेतलं आणि रुबाबासाठी सांभाळलं. पद्धत जुनी: दर गोळीला मागचा घोडा अंगठ्याने आपणच ओढायचा, तेव्हा कुठे चाप कामाचा. वर्षभर ते कुलपात असायचं. खांडेनवमीला विळे, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास धुऊन पाटावर मांडली, की बाबा तेही काढत, तपासत आणि मग पूजेला ठेवत. तपासताना पोरींनी आत यायचं नाही. मी दाराबाहेर बसून ऐकायची. घोडा पूर्ण ओढला की चार आवाज येतात, आणि शेवटचा सगळ्यात ठसठशीत. मग बाबा हाक मारत, "ये बाई, लाव कुंकू." हळदी-कुंकवाचं बोट लावायचं, दोन अक्षता टाकायच्या, एवढा माझा मान. लग्न होऊन राळेगावला गेले, तरी त्या मानासाठी दर नवमीला एसटीने येत राहिले.

त्या वर्षी बाबांच्या अंगठ्यात जोर उरला नव्हता आणि परवाना कुणाच्या तरी नावावर करायचा होता. माझा धाकटा भाऊ फटाक्यालासुद्धा उदबत्ती लांब काडीला बांधून लावणारा. तो आधीच म्हणाला, "मले नको ते झंझट." राहिलो आम्ही दोघी. मला वाटत होतं, यात विचारायचं काय आहे? आणि बाबांनी हाक मारली तिला. कॉलेजात एनसीसीत होती म्हणे. एनसीसीत! मी जन्मभर दाराशी कान लावून बसले, त्याचं मात्र कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारातून सगळं दिसत होतं. बाबा सांगत होते, ती करत होती. "रिकामं हाये असं कोणी सांगतलं, तरी आपण पाहाचं." तिने बाजूचं झाकण उघडलं, गोळ्यांची चक्री एकेक घर फिरवली आणि सगळी घरं उजेडाकडे धरून पाहिली. चक्री खिळखिळी नाही ना, हे हलवून पाहिलं. मग नळी भिंतीकडे ठेवून घोडा ओढला. हात जरासुद्धा थरथरला नाही. तेवढंही सुख तिने मला दिलं नाही.

"बरोबर हाये, बाबा," ती म्हणाली.

"नाई," म्हणत मी पुरणाच्या हातानेच बाहेर आले. "चौथा आवाज नाई आला."

ती हसली. "ताई, तुम्ही तं आत होत्या."

"मी लहानपणापासून बाहेरूनच ऐकत आली."

बाबांनी तिला पुन्हा ओढायला लावलं. मग ओढलेल्या घोड्यावर मागून आपला तळवा ठेवला आणि पुढे दाबला. नीट अडकलेला घोडा अशाने जागचा हलत नाही. हा खट्कन पडला. चापाला कुणी बोटही लावलेलं नव्हतं.

"पाह्यलं? अन् आत गोळी असती तं?" बाबा तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कान हाये पोरीचा!"

मी तव्यावरच्या पोळीसारखी टम्म फुगले. त्याच दमात ते तिला म्हणाले, "हिच्याजवळून तो आवाज शिकून घे. हे काय, परवा जाते आपल्या घरी."

आपल्या घरी! म्हणजे हे कुणाचं? पण सणाच्या दिवशी कुठे तोंड लागायचं? रिव्हॉल्व्हर तर बिघडलेलं, म्हणून मी तोंडानेच चारही आवाज काढून तिला शिकवले. फार लवकर शिकली, सटवी.

दिवाळीनंतर यवतमाळच्या दुरुस्तीवाल्याने ते उघडलं. मोडलेलं काहीच नव्हतं. घोडा ज्या खाचेत अडकतो, तिथे तेलाबरोबर वर्षानुवर्षांचं कुंकू जाऊन घट्ट बसलं होतं. सोबत अक्षतेचा तुकडाही निघाला. "तुह्यं कुंकू निघालं, बाई!" बाबा फोनवर हसत होते. मी फोन ठेवला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी भांडी घासली.

पुढच्या नवमीपर्यंत परवाना भावजयीच्या नावावर झाला होता. तिने तपासलं आणि माझ्याकडे पाहिलं. चारही आवाज आले होते, चौथा तर अगदी ठसठशीत. नाही म्हणायची फार इच्छा झाली, पण मी मान हलवली. मग विळ्यांना, कुऱ्हाडीला, पाशीला कुंकू लावत मी रिव्हॉल्व्हरपाशी आले.

"त्याले नको लावू," बाबा म्हणाले. "फूल ठेव बाजूले."

ओलं बोट तसंच हवेत राहिलं. या घरात माझं म्हणून तेवढंच तर होतं. भावजयीच्या ते लक्षात आलं असावं. ती पुढे सरकली, डोक्यावरून पदर घेतला आणि कपाळ माझ्यापुढे केलं.

मी कुंकू लावलं. लावताना बोट जरा जास्तच दाबलं, मागे ढकलल्यासारखं. ती जागची हलली नाही.