आर्डिसच्या बिअरचा फेस

आर्डिसबाईने घरी बनवलेली, तळघरातल्या पिंपातली बिअर एकदा प्यायलेला माणूस काहीतरी निमित्त काढून परत यायचाच. चर्चचे पाद्रीबुवासुद्धा आठवड्यातून दोनदा तिची विचारपूस करून जात. पण तीच बिअर बाटलीत भरून जिल्ह्याच्या जत्रेत स्पर्धेला नेली, की परीक्षक घोटभर चाखून कागदावर एकच शब्द खरडायचा: 'निर्जीव'. एक नाही, दोन नाही, नऊ वर्षं! पहिल्या नंबराला मिळणाऱ्या रिबिनीचा सोस बाईला नव्हताच. घरी पितो ती बिअर एकदा तरी या माणसाच्या जिभेला लागावी, एवढीच तिची इच्छा होती.

यंदा तिला मेख सापडली. गार बिअर कोमट बाटलीत पडली की नुसती फसफसते आणि गॅस उडून जातो. म्हणजे बाटली, भरायची नळी, बुचं, सगळंच गार हवं. ज्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं चीज बनवत होती, तिथल्या शीतघराची किल्ली तिच्याकडे असायची. साहेबांना विचारून तिने पिंप आदल्या दिवशीच तिथे नेऊन ठेवलं. जुलैतल्या रविवारी, रस्त्यावरचं डांबर पाघळत असताना, ती आणि तिचा नवरा मिल्टन शिकारीचे जाड कोट आणि कानटोप्या घरूनच चढवून निघाले. पेट्रोल पंपावरचा माणूस बघतच राहिला. मिल्टनने त्याला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की संध्याकाळी बर्फ पडणार आहे.

शीतघरात आर्डिसने पिंपातल्या गॅसचा दाब कमी केला, नळी बाटलीच्या तळाला टेकवली. फेस तोंडाशी आला की त्यावरच बूच दाबायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. स्पर्धेला बाटल्या हव्या होत्या तीन, पण बोटं गारठलेली, त्यामुळे पहिल्या चार फसल्या. आता फसलेली बिअर काय ओतून द्यायची? ती पोटात गेली. पाचव्या बाटलीपासून दोघांना उगीचच हसू फुटायला लागलं.

"अगं, बूच माझ्या बोटावर बसतंय."

"मग बोट काढ की. त्यांनी बिअर मागवलीय, बोट नाही."

यावर दोघं चीजच्या चळतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. साठीच्या माणसांना हे शोभत नाही, पण तिथे बघायला होतं कोण? तीन बाटल्या मात्र झकास भरल्या.

जत्रेच्या मांडवात परीक्षकाने बूच उचकटलं आणि बिअर जी उसळली, ती त्याच्या टायवर, कागदावर आणि शेजारच्या लोणच्याच्या बरण्यांवर. उरलेली त्याने चाखली आणि ओल्या कागदावर लिहिलं: 'गॅस फारच जास्त'. रिबीन अर्थात दुसऱ्याला गेली. शेजारणी तोंडं पाडून समजूत घालायला आल्या, तर आर्डिस कागद छातीशी धरून मिल्टनभोवती गिरक्या घेत होती.

परीक्षक गोंधळला. त्याला वाटलं, बाईंनी नीट वाचलेलं नाही. "बाई, मी गुण कापलेत तुमचे."

"कापा की," आर्डिस म्हणाली. "नऊ वर्षं तुम्ही माझी बिअर चाखलीच नव्हती. आज चाखलीत."

त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि रिकामा पेला पुढे केला.